प्रकल्प नोंदी: स्लेंग टेंग, एका कॅसिओतला ठेका

शनिवार, ४ जानेवारी २०२५

आमच्या ऐकणाऱ्यांच्या गटाने या वर्षीच्या पहिल्या सत्राचे काम माझ्याकडे दिले. विषय मी निवडायचा, दीड तासांत बसवायचा आणि जमल्यास काहीतरी प्रत्यक्ष वाजवून दाखवायचे, एवढ्याच अटी आहेत. जमैकातील ‘स्लेंग टेंग’ या ठेक्यावर सत्र करायचे मी ठरवले. २३ फेब्रुवारी १९८५ रोजी, शनिवारी रात्री, किंग्स्टनमधील वॉल्थम पार्क रोडवर दोन साउंड सिस्टिमचा, म्हणजे मोठे स्पीकर लावून तबकड्या वाजवणाऱ्या दोन मंडळींचा, सामना झाला आणि त्यात हा ठेका पहिल्यांदा जाहीरपणे गाजला. येत्या २३ फेब्रुवारीला त्याला ४० वर्षे होतील. तो दिवस रविवारी येतो आहे, त्यामुळे सत्राची तारीख वेगळी शोधावी लागली नाही.

या निवडीबद्दल गटात थोडी कुरबूर झाली. रेगे या जमैकाच्या संगीतप्रकाराचे नाव घेतल्यावर बहुतेकांना बॉब मार्ले यांची गाणी अपेक्षित होती. दुसरे म्हणजे स्लेंग टेंगला रेगे म्हणावे की त्यापुढचे डान्सहॉल, हा वाद जमैकातही जुनाच आहे. मला मात्र याच सांध्यावर बोलायचे आहे. स्टुडिओतील वादकांनी वाजवलेल्या ठेक्याची जागा एका घरगुती कॅसिओ कीबोर्डमधील तयार ठेक्याने घेतली आणि तरीही गायकांनी तो आपल्या जुन्या रीतीनेच वापरला, ही गोष्ट सव्वा तासात नीट मांडता आली तर उरलेल्या पंधरा मिनिटांत वाद घालायला माझी हरकत नाही.

सोमवार, ६ जानेवारी

टिपणाचा पहिला मसुदा लिहायला बसलो आणि ‘रिडिम’ या शब्दापाशीच अडलो. इंग्रजी शब्दाचा हा जमैकन उच्चार आहे, पण तिथे त्याचा अर्थ नुसती लय असा होत नाही. बास गिटारची ओळ आणि ड्रमचा ठेका यांची एक पक्की जोडी, जिला स्वतःचे नाव असते आणि जिच्यावर कितीही गायक आपापली गाणी रचू शकतात, तिला रिडिम म्हणतात. गाणे लोकांच्या विस्मरणात जाते, पण रिडिम नावानिशी टिकून राहतो.

मराठीत समजावून सांगताना पहिल्यांदा ‘चाल’ हा शब्द हाताशी आला आणि तोच चुकीचा निघाला. आपल्याकडे ‘अमक्याच्या चालीवर’ असे लिहिले की सुरावट तीच राहते आणि शब्द बदलतात; भजने, आरत्या, पोवाडे यांचा कारभार अनेकदा असाच चालतो. रिडिमच्या बाबतीत नेमके उलटे घडते. इथे शब्द आणि सुरावट दोन्ही बदलतात आणि त्यांच्या खालची जमीन तेवढी तीच राहते. नुसते ‘ठेका’ म्हणून भागत नाही, कारण बासची ओळ त्यात हवीच. गटातील तबलावादक मित्राने दुपारी फोनवर सुचवले की ‘लेहरा’ म्हण. हार्मोनियमवर एकच आवर्तन अखंड फिरत राहते आणि त्याच्या आधाराने तबलजी आपला विस्तार करतो, पण लेहऱ्याने स्वतः काही करायचे नसते, फक्त समेवर विश्वासाने परत यायचे असते. ही तुलना बरीच जवळची आहे. मी टिपणात लेहराच ठेवला आहे, एवढी सूचना जोडून की जमैकातील या लेहऱ्यावर माणूस गातो किंवा बोलतो.

पूर्वपीठिका चार वाक्यांत आटोपणार आहे. १९६०च्या दशकाच्या अखेरीस किंग्स्टनमधील निर्मात्यांनी तबकडीच्या मागच्या बाजूला त्याच गाण्याची गायकाचा आवाज काढलेली आवृत्ती द्यायला सुरुवात केली आणि तिला ‘व्हर्शन’ हे नाव पडले. १९७०मध्ये यू-रॉय या डीजेने अशा जुन्या ठेक्यांवर बोलून केलेल्या तबकड्यांनी जमैकाचे बाजार व्यापले. १९७४मध्ये रूपी एडवर्ड्स यांनी एकाच ठेक्यावर बेतलेल्या गाण्यांची अख्खी लाँगप्ले तबकडी काढली आणि तिचे नाव ‘यामाहा स्कँक’ ठेवले. यामाहा तिथे आधी आणि कॅसिओ अकरा वर्षांनी, हा निव्वळ योगायोग असला तरी सत्रात तो सांगण्याचा मोह मला आवरणार नाही.

शनिवार, ११ जानेवारी

कॅसिओ एमटी-४० मिळाला. याहून मोठी बातमी या आठवड्यात नाही.

मराठी माणसाला कॅसिओ हा शब्द वेगळा समजावून द्यावा लागत नाही. ऑर्केस्ट्रा, लग्नाची वरात, शाळेचे स्नेहसंमेलन, गणपतीतील भजनी मंडळ, कुठेही छोटा इलेक्ट्रॉनिक कीबोर्ड दिसला की तो कोणत्याही कंपनीचा असला तरी आपण त्याला कॅसिओच म्हणत आलो. मला मात्र खरोखरचा कॅसिओ हवा होता, आणि तोही १९८१ साली बाजारात आलेला विशिष्ट नमुना. एका मित्राच्या काकांनी तरुणपणी हौशी ऑर्केस्ट्रात वाजवलेला त्यांचा कीबोर्ड माळ्यावर जुन्या चादरीत बांधून ठेवलेला होता. त्यांनी तो खाली काढून दिला आणि म्हणाले, “घेऊन जा, पण परत आणून दे हो. वाजत नसला तरी चालेल.”

तो वाजत नाहीच. सेलच्या कप्प्यातील पट्ट्यांवर हिरवट पांढरी बुरशी चढलेली आहे आणि स्प्रिंग हात लावताच मोडली. कळा मात्र सगळ्या शाबूत आहेत. उजवीकडे ३७ छोट्या पट्ट्या आहेत, डावीकडे बासची १५ बटणे, आणि वर ताल निवडायची सरकपट्टी. लहान मुलाच्या बोटांना सोयीचे असे हे यंत्र आहे. आजच्या डोळ्यांना ते खेळण्यासारखे दिसते आणि ते घरगुती वापरासाठीच बनवलेले होते, हे लक्षात ठेवले पाहिजे.

मंगळवार, १४ जानेवारी

तीन दिवस माझ्या चुकीने वाया गेले. सेलचा नाद सोडून बाजारातून योग्य व्होल्टचा अ‍ॅडॅप्टर आणला, जोडला, आणि काहीही झाले नाही. आवाज नाही, दिवा नाही, वासही नाही. यंत्र मेले असे समजून मी दुरुस्ती करणाऱ्याकडे गेलो. त्याने झाकण उघडण्याआधी अ‍ॅडॅप्टरच्या भोकाशेजारचे बारीक चित्र भिंगाखाली धरले आणि अ‍ॅडॅप्टर माझ्या हातात परत दिला. जुन्या कॅसिओला पिनेच्या मध्यभागी ऋण टोक लागते. माझ्या अ‍ॅडॅप्टरला ते बाहेरच्या बाजूला होते. त्याने वायर कापली, दोन तारा उलटसुलट जोडल्या, वर काळी टेप गुंडाळली आणि स्पीकरमधून मंद खरखर सुरू झाली. आज संक्रांत, त्यामुळे पैशांबरोबर तिळगूळही त्याला दिला.

शनिवार, १८ जानेवारी

आज तो ठेका पहिल्यांदा मूळ यंत्रातून ऐकला.

कृती अशी आहे. तालाची सरकपट्टी ‘रॉक’वर न्यायची, ‘सिंक्रो’चे बटण दाबायचे आणि मग बासच्या बटणांतील खालच्या ओळीतील दुसरे, म्हणजे डीचे, बटण दाबायचे. यंत्र वाट पाहत असते. बोट पडताच ड्रम आणि बास एकदम चालू होतात. बास एकाच सुरावर हट्टाने ठोकत राहतो, मग वर चढतो आणि पुन्हा मूळ सुरावर येऊन बसतो. स्वरमेळ बदलत नाही. एवढीच त्याची मालमत्ता आहे.

माझी पहिली प्रतिक्रिया निराशेची होती, हे इथे प्रामाणिकपणे नोंदवून ठेवतो. मी ज्याला स्लेंग टेंग म्हणून वर्षानुवर्षे ऐकत आलो तो हा नव्हेच, असे वाटले. हा चटपटीत, घाईत असलेला, पन्नासच्या दशकातल्या अमेरिकी रॉकची आठवण करून देणारा ठेका आहे. मग लयीची पट्टी हळूहळू मागे ओढली. एका ठिकाणी, आणि त्या ठिकाणाच्या अगदी अलीकडे-पलीकडे नव्हे, त्या बासला अचानक वजन आले. मघाशी शेजारशेजारच्या आघातांची नुसती रांग वाटत होती. आता प्रत्येक आघातानंतर थोडी मोकळी जागा दिसू लागली आणि त्या जागेत आपोआप मान हलू लागली. त्या ठिकाणी मी पेन्सिलीने खूण केली. कीबोर्ड काकांचा आहे, त्यामुळे खूण पुसावी लागेल.

वॉटरहाउस वस्तीत स्टुडिओ चालवणाऱ्या लॉइड जेम्स यांनी, म्हणजे किंग जॅमी यांनी, हेच केले होते. नोएल डेव्ही या तरुण वादकाला यामाहाचा डीएक्स-७ हा कीबोर्ड हवा होता, पण परवडला एमटी-४०. त्यातील हा ठेका त्याने शोधला. गायक वेन स्मिथ आणि त्याने मिळून त्यावर गाणे बेतले आणि दोघे ते जॅमी यांच्याकडे घेऊन गेले. जॅमी यांनी लय खाली आणली आणि त्यावर पियानो आणि टाळ्या चढवल्या. या घटनेची हकिगत सांगताना बहुतेक जण बटण सापडण्यापाशी थांबतात, कारण ते चमत्कारासारखे वाटते. माझ्या मते, एकामागून एक जे शेकडो अर्थ पुढे या ठेक्याला लावले गेले त्यांतला पहिला अर्थ लयीची पट्टी मागे ओढणाऱ्या हाताने लावला. तो हात किंग टबी यांच्या हाताखाली ध्वनिमिश्रण शिकलेला होता आणि कोणत्या लयीला किंग्स्टनमधील लोक नाचतात हे त्याला वर्षानुवर्षे साउंड सिस्टिम चालवून ठाऊक झालेले होते.

सत्रात नेमके हेच करून दाखवायचे ठरवले. आधी यंत्राची मूळ लय, मग सर्वांच्या देखत पट्टी मागे.

रविवार, १९ जानेवारी

तबलावादक मित्र येऊन ऐकून गेला. त्याचा आक्षेप नोंदवण्यासारखा आहे. रेगेच्या रूढ ठेक्यात, ज्याला तिथे ‘वन ड्रॉप’ म्हणतात, चारांतली पहिली मात्रा ड्रम मोकळी सोडतो आणि मोठा आघात तिसऱ्या मात्रेवर येतो. म्हणजे आपल्या भाषेत समेलाच खाली पडते. या कॅसिओत तर पहिल्या मात्रेपासून ठोकाठोक आहे. मग हा रेगे कसा, असे त्याने विचारले. उत्तर देण्याऐवजी मी ध्वनिमुद्रणातील पियानो ऐकवला. तो मात्रांच्या मधल्या फटींत वाजतो, रेगेत गिटार किंवा पियानो नेहमी जिथे वाजतात तिथेच. ड्रमने सोडलेली चाकोरी पियानोने धरून ठेवलेली आहे. मित्राने मान डोलावली, पण पूर्ण पटल्याचे दिसले नाही.

शनिवार, २५ जानेवारी

आजची नोंद ओकुदा हिरोको यांच्याविषयी आहे. सत्रात त्यांच्यासाठी दहा मिनिटे राखून ठेवली आहेत आणि ती कमी पडतील असे दिसते.

जपानमधील कुनिताची संगीत महाविद्यालयात त्यांनी संगीतशास्त्राचा अभ्यास केला आणि पदवीचा प्रबंध रेगेवर लिहिला. १९७९मध्ये बॉब मार्ले जपानच्या दौऱ्यावर आले तेव्हा त्या श्रोत्यांत होत्या. १९८०मध्ये त्या कॅसिओत नोकरीला लागल्या. कंपनीने वाद्यांच्या क्षेत्रात पाऊल टाकले तेच मुळी त्या वर्षी. एमटी-४०मधील तयार ठेके रचणे हे त्यांच्याकडे आलेल्या अगदी सुरुवातीच्या कामांपैकी एक होते. म्हणजे जे बटण डेव्हीने किंग्स्टनमध्ये दाबले त्यामागे नोकरीत नुकतीच लागलेली, कान रेगेने भरलेली एक तरुणी होती. ठेक्यावर नाव मात्र ‘रॉक’ होते आणि तो रॉकचाच म्हणून रचलेला होता. आपण मुद्दाम रेगे रचला नाही, पण डोक्यात रात्रंदिवस तेच संगीत असल्यामुळे त्याचा अंश त्यात उतरला असावा, असे त्यांनी मुलाखतींत सांगितले आहे.

या ठेक्याचे मूळ कुठले याविषयी अनेक वर्षे अंदाज बांधले जात होते. एडी कॉक्रन यांच्या १९५९च्या ‘समथिंग एल्स’ या गाण्याचे नाव सर्वांत जास्त वेळा घेतले गेले. ओकुदा यांनी ते नाकारले आणि प्रेरणा सत्तरच्या दशकातील एका ब्रिटिश रॉक गाण्याची होती एवढेच सांगितले; गाण्याचे नाव सांगितले नाही. चाहत्यांनी मग डेव्हिड बोवी यांचे १९७२चे ‘हँग ऑन टू युवरसेल्फ’ पुढे केले. मी दोन्ही गाणी ओळीने ऐकली. बोवी यांच्या गाण्याचा बास ऐकताना माझेही कान टवकारले, पण सत्रात मी ते उत्तर म्हणून मांडणार नाही, फक्त ऐकवणार आहे.

एका गोष्टीचा मला विशेष आनंद वाटतो. ब्रिटिश रॉकमधून तोक्योच्या कार्यालयात, तिथून किंग्स्टनच्या वॉटरहाउसमध्ये आणि पुढे पुन्हा ब्रिटनमध्ये, असा प्रवास करणाऱ्या या ठेक्याला प्रत्येक मुक्कामी कोणीतरी आपलेच काहीतरी म्हणून ओळखले.

शनिवार, १ फेब्रुवारी

निवड पूर्ण केली. मी जमवलेल्या यादीत या ठेक्यावरची ६१ गाणी आहेत आणि एकंदर गाण्यांची संख्या शेकड्यांत मोजली जाते, त्यामुळे यादीचा अभिमान धरण्यात अर्थ नाही. सत्रात सहाच ऐकवायची आहेत.

पहिले अर्थात वेन स्मिथचे ‘अंडर मी स्लेंग टेंग’. स्लेंग टेंग हे गांजाचे नाव आहे आणि गाण्याचा मथितार्थ असा की गांजा चालेल, कोकेन नको. बॅरिंग्टन लेव्ही यांच्या ‘अंडर मी सेन्सी’ या गाण्याची सावली त्यावर स्पष्ट आहे. माझे लक्ष मात्र गाण्याच्या ढंगाकडे गेले. यंत्राचा ठेका ठणठणीत, आणि स्मिथचा आवाज त्याच्याशी स्पर्धा न करता थोडा बाजूला, जवळजवळ बेफिकिरीने चालतो. वाद्यवृंदाबरोबर गाताना गायकाला वादकांच्या चढउतारांना उत्तर द्यावे लागते. इथे समोर यंत्र आहे, ते कधी थकत नाही आणि कधी उत्साहातही येत नाही. सगळे भाव गायकाने स्वतःच्या शिदोरीतून आणायचे. त्याने ते फार थोडे आणले आणि तेच बरोबर ठरले.

दुसरे जॉनी ऑसबोर्न यांचे ‘बडी बाय’. ऑसबोर्न त्या वेळी नवखे नव्हते. वादकांनी वाजवलेल्या ठेक्यांवर ते अनेक वर्षे गात आलेले होते. त्यांनी या यंत्रावर चक्क लहान मुलांच्या गाण्यासारखे, बडबडगीताच्या अंगाने जाणारे धृपद ठेवले. ठेका जितका कठीण तितके धृपद मऊ. जॉन वेनचे ‘कॉल द पोलीस’ मात्र मी दोनदा यादीत घेतले आणि दोनदा काढले. चांगले आहे, पण स्मिथनंतर लगेच ऐकले तर वेगळेपण कानाला लागत नाही. शेवटी वगळले.

तिसऱ्या गाण्यासाठी स्वतंत्र नोंद करावी लागेल.

चौथे गाणे याच ठेक्यावरचे नाही, त्याला दिलेले उत्तर आहे. १९८५मध्येच किंग टबी यांच्या फायरहाउस या लेबलवरून अँथनी रेड रोझचे ‘टेम्पो’ आले. शिष्याने संगणकी ठेक्याने बाजार जिंकल्यावर गुरूने वर्षाच्या आतच स्वतःचा संगणकी ठेका काढला आणि तो स्लेंग टेंगपेक्षा अधिक रिकामा, अधिक भीतिदायक ठेवला. गुरुशिष्यांचा असा सामना आपल्या श्रोत्यांना लगेच कळतो, वेगळे स्पष्टीकरण लागणार नाही.

पाचवे एसएल-टू या लंडनच्या मंडळींचे १९९१चे ‘वे इन माय ब्रेन’. रेव्ह पार्ट्यांच्या जमान्यात त्यांनी वेन स्मिथचा आवाज आणि ठेका उचलला आणि दुप्पट धावणाऱ्या ड्रमच्या तुकड्यांवर बसवला. जॅमी यांनी खाली आणलेली लय इथे पुन्हा वर गेली, पण बास मात्र खालच्याच चालीने चालत राहिला. आपल्याकडे तबलजी दुगुन धरतो आणि लेहरा ठायीतच राहतो, त्याची आठवण झाली. सहावे कॅलिफोर्नियाच्या सब्लाइम या बँडचे १९९६चे ‘कॅरेस मी डाउन’. इथे यंत्राच्या ठेक्याने पुन्हा हाडामांसाच्या वादकांच्या हातात प्रवेश केला आहे. गिटारवाले पोरगे कॅसिओची नक्कल करताहेत, आणि कॅसिओ मुळात गिटारवाल्यांची नक्कल करत होता. शब्द चावट आहेत. सत्राला गटातील काहींची मुले येतात, त्यामुळे अर्ध्या मिनिटाहून जास्त वाजवणार नाही.

रविवार, २ फेब्रुवारी

तिसरे गाणे, टेनर सॉ या गायकाचे ‘पम्पकिन बेली’, आज चौदा वेळा ऐकले.

शीर्षकात एक जुना जमैकन उखाणा आहे: भोपळ्याच्या पोटात पाणी चालत कसे गेले? आपल्याकडे भोपळ्यातून टुणुक टुणुक जाणारी म्हातारी असते, त्यांच्याकडे भोपळ्यात चालत गेलेले पाणी. गोष्टींचा संबंध काही नाही, पण दोन्हींकडे या फळाच्या पोटात काहीतरी गुपित असते एवढे खरे. गाण्याचे शब्द म्हणींच्या आणि सुभाषितांच्या माळेसारखे आहेत. एकाला जोडून दुसरी म्हण येते, आणि ऐकणाऱ्याला उपदेश होतो आहे हे उशिरा कळते.

गळ्याचे काम त्याहून विलक्षण आहे. ठेका प्रसन्न आणि ठाम आहे, आणि त्यावर हा मुलगा देवळाबाहेर बसून आळवावे तशा करुण, लांब ओढलेल्या स्वरांत गातो. त्याचा सूर बासच्या सुराशी किंचित घासतो. मी हार्मोनियमवर ओळ काढायचा प्रयत्न केला, तर ज्या जागी मी पट्टी दाबली त्या जागेच्या जरा खाली त्याचा आवाज होता, आणि प्रत्येक वेळी तितकाच खाली. म्हणजे हा बेसूरपणा नव्हे, ठरवून घेतलेली जागा आहे. जमैकात चर्चमध्ये गाणाऱ्या आवाजांचा हा वारसा त्याच्या सर्व गाण्यांत ऐकू येतो. त्याच वर्षी याच गायकाने ‘स्टॅलग’ या वादकांनी वाजवलेल्या, त्या वेळी दहाहून अधिक वर्षे जुन्या ठेक्यावर ‘रिंग द अलार्म’ गायले आणि तेही अजरामर झाले. जुना ठेका असो की नवे यंत्र, त्याने गळा बदलला नाही. १९८८मध्ये अमेरिकेत ह्यूस्टनला तो वारला तेव्हा त्याने वयाची पंचविशीही गाठलेली नव्हती.

सत्रात हे गाणे पूर्ण ऐकवायचे. मध्ये बोलायचे नाही.

शनिवार, ८ फेब्रुवारी

हक्कांचा आणि पैशांचा प्रश्न गटातील वकील मैत्रीण विचारणार हे गृहीत धरून आज टिपण केले. जमैकात १९९३चा कॉपीराइट कायदा येईपर्यंत ब्रिटिशांचा १९११चा जुना कायदाच चालत होता, आणि ठेक्यावर हक्क निर्मात्याचा हे व्यवहारात धरून चालले जात असे. एका ठेक्यावर वीस गाणी काढली की वादकांचे पैसे एकदाच द्यावे लागत. व्हर्शनच्या परंपरेमागे रसिकतेइतकीच ही काटकसरही आहे. स्लेंग टेंगच्या वेळी ते एकदाचे पैसेही वाचले. त्यानंतरच्या काही वर्षांत स्टुडिओत बसून वाजवणाऱ्या अनेक वादकांचे काम आटले आणि स्टीली व क्लीव्ही यांच्यासारखी यंत्रांवर ठेके रचणारी जोडी जॅमी यांच्या स्टुडिओचा कणा बनली. या गोष्टीचा उत्सव साजरा करताना ज्यांच्या बास गिटारी खुंटीला टांगल्या गेल्या त्यांचा उल्लेख टाळणे मला योग्य वाटत नाही.

कॅसिओने या ठेक्यासाठी कोणाकडे पैसे मागितले नाहीत. ज्या वाद्यात ठेका होता ते विकून त्यांचा व्यवहार पूर्ण झालेला होता, अशीच त्यांची भूमिका दिसते. मैत्रिणीला हे पटणार नाही, याची खात्री आहे.

शनिवार, १५ फेब्रुवारी

रंगीत तालीम झाली. यंत्राचा आवाज खोलीभर पोहोचत नव्हता, म्हणून मोठा स्पीकर जोडला. खालच्या मजल्यावरून लगेच निरोप आला. साउंड सिस्टिम म्हणजे काय हे त्यामुळे न सांगताच कळले. तरी एक खुलासा टिपणात घातला आहे: आपल्याकडे मिरवणुकीत डीजे म्हणजे भिंतभर रचलेले स्पीकर, तर जमैकात डीजे म्हणजे ठेक्यावर बोलणारा माणूस. तबकड्या निवडून वाजवणारा सिलेक्टर वेगळा असतो.

तालमीच्या शेवटी गटातील एका काकूंनी हौसेने या ठेक्यावर जात्यावरची ओवी म्हणून पाहिली. पहिले तीन चरण छान बसले. चौथा चरण अर्धाच असतो आणि ओवी तिथे श्वास सोडते, पण यंत्र थांबेना, त्यामुळे पुढची ओवी लवकर सुरू करावी लागली आणि काकू दोनदा अडखळल्या. तिसऱ्या खेपेला त्यांनी उरलेल्या जागेत नुसता हुंकार भरला आणि पुढची ओवी नेमकी धरली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या आणि हे सत्रात घ्याच असा आग्रह केला. मी घेणार नाही. दीड तास जमैकाच्या गायकांसाठी मागून घेतलेला आहे आणि आपली ओवी शेवटी आली की तीच लोकांच्या लक्षात राहील. काकूंना हे फोन करून सांगितले. “अरे, मी गंमत म्हणून म्हटली,” असे त्या म्हणाल्या, पण आवाज थोडा पडला होता.

सोमवार, १७ फेब्रुवारी

वेन स्मिथ २०१४मध्ये आजच्याच दिवशी वारला. वय ४८. टिपणात त्याची जन्मतारीख आणि मृत्यूची तारीख घातली, बाकी काही केले नाही.

रविवार, २३ फेब्रुवारी

सत्र झाले. एकोणतीस जण आले, त्यांत पाच मुले.

सुरुवातीला वॉल्थम पार्क रोडवरील त्या रात्रीची हकिगत सांगितली: एका बाजूला ब्लॅक स्कॉर्पिओची साउंड सिस्टिम, दुसऱ्या बाजूला जॅमी यांची, आणि जॅमी यांच्याकडून हा ठेका वाजल्यावर सामन्यात उरलेच नाही काही. मग कॅसिओ चालू केला. मूळ वेगात ठेका वाजताच मुले हसली आणि एकीने ही तर मोबाइलची रिंगटोन आहे असे जाहीर केले. मी पट्टी मागे ओढू लागलो. पेन्सिलीची खूण मी कालच पुसून टाकली होती, त्यामुळे जागा कानानेच शोधावी लागली आणि पहिल्या खेपेला मी ती ओलांडून पुढे गेलो; ठेका इतका मंदावला की रखडू लागला. परत किंचित वर आणली. पहिल्या रांगेत बसलेल्या मित्राचे बोट गुडघ्यावर पडू लागले तिथे मी हात काढला.

‘पम्पकिन बेली’ पूर्ण ऐकवले. वादाची पंधरा मिनिटे पंचवीस झाली, कारण वकील मैत्रिणीने ओकुदा यांना काय मिळाले हा प्रश्न सोडला नाही आणि मित्राने वन ड्रॉपचा मुद्दा पुन्हा काढला. सब्लाइमचे गाणे वेळेअभावी गाळले गेले.

कीबोर्डचे मालक असलेले काका मागच्या रांगेत बसले होते. सगळे गेल्यावर ते यंत्रापाशी आले. ऑर्केस्ट्रात असताना हे बटण आपण हजार वेळा दाबले असेल, पण नेहमी गाण्याच्या आधी, स्पीकर चालू आहे की नाही हे पाहण्यासाठी, असे त्यांनी सांगितले. मग त्यांनी सिंक्रो दाबले, डीवर बोट ठेवले आणि उभ्याउभ्याच बराच वेळ ऐकत राहिले. चादर मी सोबत नेली होती. यंत्र उद्या संध्याकाळी त्यांच्या घरी पोहोचवायचे आहे, उलट जोडलेल्या वायरच्या अ‍ॅडॅप्टरसह, आणि तो दुसऱ्या कशालाही लावू नये अशी चिठ्ठी त्यावर चिकटवायची आहे.